रॉबर्ट नॉइस

रॉबर्ट नॉर्टन नॉइस (१२ डिसेंबर, १९२७ – ३ जून, १९९०) हे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ, संशोधक व उद्योजक होते. सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर ट्रान्झिस्टर, रोधक इत्यादी घटक आणि त्यांना जोडणारे धातूचे मार्ग एकत्र घडवण्याची व्यवहार्य रीत त्यांनी १९५९ मध्ये मांडली. या रीतीने तयार होणाऱ्या परिपथाला एकात्मिक परिपथ किंवा प्रचलित भाषेत चिप म्हणतात. जॅक किल्बी यांनी स्वतंत्रपणे याच दिशेने काम केले होते. त्यामुळे चिपच्या शोधाचे श्रेय सर्वसाधारणपणे या दोघांना विभागून दिले जाते. नॉइस हे फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर (१९५७) आणि इंटेल (१९६८) या दोन कंपन्यांचे सहसंस्थापक होते. कॅलिफोर्नियातील सिलिकॉन व्हॅली या उद्योगक्षेत्राच्या जडणघडणीत त्यांचा मोठा वाटा आहे.

नॉइस यांच्या शोधाने संगणकाच्या वाढीतील त्या काळची सर्वांत मोठी अडचण, म्हणजे सुट्या घटकांची हाताने करावी लागणारी जोडणी, दूर झाली. त्यानंतर प्रोसेसरची क्षमता अनेक दशके झपाट्याने वाढत राहिली. ही वाढ कोठे थांबेल याचाही विचार नॉइस यांनी केला होता. भौतिकशास्त्राच्या नियमांपेक्षा अर्थशास्त्राचे नियम आधी आडवे येतील, असे मत त्यांनी १९७७ मध्ये नोंदवले.

सुरुवातीचे जीवन

नॉइस यांचा जन्म अमेरिकेच्या आयोवा राज्यातील बर्लिंग्टन या गावी झाला. चार भावांमध्ये ते तिसरे. त्यांचे वडील राल्फ ब्रूस्टर नॉइस हे काँग्रिगेशनल पंथाचे धर्मोपदेशक होते. आईचे नाव हॅरिएट नॉर्टन. वडिलांच्या कामामुळे कुटुंबाला राज्यातल्या राज्यात वारंवार गाव बदलावे लागे. अखेरीस हे कुटुंब ग्रिनेल या कॉलेजच्या गावी स्थिरावले. घरची परिस्थिती बेताची होती. नॉइस यांची खेळणी व उपकरणे बहुधा त्यांनी स्वतःच जुळवलेली असत. १९४० च्या उन्हाळ्यात, वयाच्या बाराव्या वर्षी, त्यांनी एका भावाच्या मदतीने माणूस बसू शकेल एवढे ग्लायडर तयार केले आणि ग्रिनेल कॉलेजच्या तबेल्याच्या छपरावरून ते उडवून पाहिले. पुढे जुन्या कपडे धुण्याच्या यंत्राचे इंजिन व पंखा बसवून त्यांनी बर्फावरची गाडीही चालवली.

शिक्षण

१९४५ मध्ये शालेय शिक्षण पूर्ण करून नॉइस यांनी ग्रिनेल कॉलेजात प्रवेश घेतला. भौतिकशास्त्र व गणित हे त्यांचे विषय होते. सूर मारण्याच्या क्रीडाप्रकारात ते कॉलेजचे आघाडीचे खेळाडू होते.

१९४८ मध्ये वसतिगृहातील एका मेजवानीसाठी त्यांनी मित्राबरोबर जवळच्या शेतातून डुकराचे पिल्लू चोरले. दुसऱ्या दिवशी दोघेही शेतकऱ्याकडे जाऊन भरपाई देऊ लागले. परंतु शेतीप्रधान आयोवात पशुधनाची चोरी हा गंभीर गुन्हा मानला जाई आणि त्यासाठी तुरुंगवासाची तरतूद होती. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक ग्रँट गेल आणि कॉलेजचे अध्यक्ष यांनी मध्यस्थी केल्यामुळे प्रकरण एका सत्राच्या निलंबनावर मिटले. हा काळ नॉइस यांनी न्यूयॉर्कमधील एका विमा कंपनीत विमागणिताचे काम करण्यात घालवला.

ग्रिनेलला परतल्यावर त्यांची ट्रान्झिस्टरशी ओळख झाली. ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ च्या अखेरीस बेल प्रयोगशाळेत लागला होता. त्याच्या तीन संशोधकांपैकी जॉन बार्डीन हे गेल यांच्या परिचयाचे होते, तर बेल प्रयोगशाळेचे अध्यक्ष ऑलिव्हर बकली हे ग्रिनेलचे माजी विद्यार्थी होते. या संबंधांमुळे नव्या उपकरणाची माहिती मोठ्या विद्यापीठांत पोहोचण्याच्या सुमारासच ती या छोट्या कॉलेजातही पोहोचली. नॉइस यांनी १९४९ मध्ये पदवी घेतली. १९५३ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेने, म्हणजेच एमआयटीने, त्यांना भौतिकशास्त्रात डॉक्टरेट दिली. विद्युतरोधक पदार्थांच्या पृष्ठभागावरील इलेक्ट्रॉनांच्या अवस्था हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. पदार्थाच्या पृष्ठभागाचा हा अभ्यास त्यांना पुढे उपयोगी पडला.

शॉकली प्रयोगशाळा

डॉक्टरेटनंतर नॉइस यांनी फिलाडेल्फिया येथील फिल्को कंपनीत ट्रान्झिस्टरवर काम केले. १९५६ मध्ये ट्रान्झिस्टरचे सहसंशोधक विल्यम शॉकली यांनी कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथे अर्धसंवाहक प्रयोगशाळा सुरू केली आणि नॉइस यांना तेथे बोलावले. त्याच वर्षी शॉकली, बार्डीन व वॉल्टर ब्रॅटन यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

शॉकली हे श्रेष्ठ शास्त्रज्ञ होते, परंतु त्यांचा स्वभाव संशयी होता आणि सहकाऱ्यांवर त्यांचा विश्वास नसे. ऑगस्ट १९५६ मध्ये नॉइस यांनी आपल्या वहीत एका नव्या डायोडची कल्पना मांडली. शॉकली यांनी तिच्यात रस दाखवला नाही. पुढे जपानी भौतिकशास्त्रज्ञ लिओ एसाकी यांनी स्वतंत्रपणे असाच डायोड तयार केला आणि १९७३ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला.

प्रयोगशाळेतील तरुण संशोधकांनी व्यवस्थापन बदलण्याची मागणी गुंतवणूकदार आर्नल्ड बेकमन यांच्याकडे केली. ती मान्य न झाल्यामुळे सप्टेंबर १९५७ मध्ये आठ जणांनी एकत्र राजीनामे दिले. ज्युलियस ब्लँक, व्हिक्टर ग्रिनिच, जाँ हर्नी, यूजीन क्लायनर, जे लास्ट, गॉर्डन मूर, शेल्डन रॉबर्ट्स आणि नॉइस हे ते आठ जण होत. नॉइस त्यांना सर्वांत शेवटी येऊन मिळाले. पुढे हा गट विश्वासघातकी आठ या नावाने ओळखला जाऊ लागला.

फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर

गुंतवणूक सल्लागार आर्थर रॉक यांच्या प्रयत्नांनी या गटाला न्यूयॉर्कच्या फेअरचाइल्ड कॅमेरा अँड इन्स्ट्रुमेंट या कंपनीकडून सुमारे १३ लाख ८० हजार डॉलरचे अर्थसाहाय्य मिळाले आणि फेअरचाइल्ड सेमिकंडक्टरची स्थापना झाली. नॉइस प्रथम संशोधन विभागाचे प्रमुख होते. १९५९ मध्ये ते सरव्यवस्थापक झाले. कंपनीची पहिली मागणी आयबीएमकडून आली. एका बाँबर विमानाच्या संगणकासाठी हव्या असलेल्या १०० सिलिकॉन ट्रान्झिस्टरसाठी आयबीएमने प्रत्येकी १५० डॉलर मोजले.

हे ट्रान्झिस्टर वेगवान असले तरी भरवशाचे नव्हते. त्यांचा संवेदनशील भाग उघडा राहत असे आणि आवरणात अडकलेला धातूचा बारीकसा कणही त्यांना निकामी करू शकत असे. यावर जाँ हर्नी यांनी उपाय शोधला. सिलिकॉन तापवताना त्याच्या पृष्ठभागावर सिलिकॉन डायऑक्साइडचा काचेसारखा थर बसतो. तोपर्यंतच्या पद्धतीत हा थर घाण समजून शेवटी काढून टाकत. हर्नी यांनी तो तसाच ठेवला. त्यामुळे खालचे नाजूक जोड सुरक्षित राहिले आणि ट्रान्झिस्टर उंचवट्याऐवजी सपाट झाला. १९५९ मधील या पद्धतीला प्लेनर प्रक्रिया म्हणतात.

एकात्मिक परिपथाचा शोध

१९५० च्या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉनिक यंत्रे एका विचित्र अडचणीत सापडली होती. ट्रान्झिस्टर लहान व स्वस्त होत होते, परंतु संगणकाला असे हजारो ट्रान्झिस्टर लागत आणि त्यांचे असंख्य जोड हाताने डाख देऊन करावे लागत. घटक वाढले की जोड त्याहून अधिक वाढत. एक जोड सुटला तरी यंत्र बंद पडे. म्हणजे कागदावर आखता येणारा संगणक प्रत्यक्षात जोडता येत नव्हता. अभियंत्यांनी या अडचणीला संख्येचा जुलूम असे नाव दिले होते.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधील जॅक किल्बी यांनी या प्रश्नाचे पहिले उत्तर दिले. १२ सप्टेंबर, १९५८ रोजी त्यांनी जर्मेनियमच्या एका पट्टीवर संपूर्ण परिपथ चालवून दाखवला. सर्व घटक एकाच पदार्थाचे असू शकतात हे त्यामुळे सिद्ध झाले. मात्र किल्बी यांच्या नमुन्यात ते घटक सोन्याच्या बारीक तारांनी वरून जोडलेले होते. घटकांचे एकत्रीकरण झाले, तरी तारांचा प्रश्न शिल्लकच राहिला होता.

नॉइस यांनी नेमका हाच प्रश्न सोडवला. हर्नी यांच्या पद्धतीचे पेटंट घेताना तिचे आणखी कोणते उपयोग होऊ शकतील, अशी विचारणा कंपनीच्या पेटंट वकिलांनी केली होती. त्यावर विचार करताना नॉइस यांच्या लक्षात आले, की ऑक्साइडचा थर संरक्षक तर आहेच, शिवाय तो विद्युतरोधकही आहे. त्या थरात हव्या त्या जागी छिद्रे पाडून वरून ॲल्युमिनियमचा पातळ लेप दिला आणि नको असलेला लेप काढून टाकला, तर उरलेल्या धातूच्या रेषा हीच जोडणीची तार ठरते. या रेषा ऑक्साइडवरून जात असल्याने खालच्या भागांना नको तेथे स्पर्श करीत नाहीत. छायाचित्रणाच्या तंत्राने ट्रान्झिस्टर उमटवता येतात, त्याच तंत्राने ताराही छापता येतील, असा या कल्पनेचा गाभा होता. २३ जानेवारी, १९५९ रोजी नॉइस यांनी ती आपल्या वहीत नोंदवली आणि ३० जुलै, १९५९ रोजी पेटंटसाठी अर्ज केला.

ही कल्पना प्रत्यक्षात आणण्याचे श्रेय एकट्या नॉइस यांचे नाही. हर्नी यांच्या प्लेनर प्रक्रियेशिवाय ती शक्य नव्हती. एकाच तुकड्यावरील घटक विद्युतदृष्ट्या परस्परांपासून वेगळे ठेवण्याची एक महत्त्वाची रीत स्प्रेग इलेक्ट्रिक कंपनीतील कुर्ट लेहोव्हेक यांनी मांडली होती. फेअरचाइल्डमध्ये जे लास्ट यांच्या गटाने १९६० मध्ये पहिले चालू प्लेनर एकात्मिक परिपथ तयार केले.

पेटंटचा वाद

किल्बी यांनी आपला अर्ज नॉइस यांच्या आधी, म्हणजे ६ फेब्रुवारी, १९५९ रोजी केला होता. परंतु पेटंट प्रथम नॉइस यांना मिळाले, २५ एप्रिल, १९६१ रोजी. किल्बी यांचे १९६४ मध्ये मंजूर झाले. दोन्ही कंपन्यांमधील वाद दीर्घकाळ चालला. किल्बी यांच्या अर्जातील जोडणीचे वर्णन नॉइस यांच्या चिकटून बसणाऱ्या धातूच्या मार्गांना लागू पडते का, हा त्यातील कळीचा मुद्दा होता. १९६९ मध्ये अपील न्यायालयाने नॉइस यांच्या बाजूने निर्णय दिला आणि १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. तोपर्यंत निकालाला व्यावहारिक महत्त्व फारसे उरले नव्हते, कारण १९६६ मध्येच दोन्ही कंपन्यांनी परस्परांचे हक्क मान्य करून परवान्यांची देवाणघेवाण केली होती. किल्बी आणि नॉइस या दोघांनीही सार्वजनिकरीत्या एकमेकांच्या कामाचा आदर राखला.

किंमत आणि बाजारपेठ

सुरुवातीला एकात्मिक परिपथ सुट्या भागांपेक्षा महाग होते. त्यामुळे त्यांचे प्रमुख ग्राहक लष्कर व अवकाश कार्यक्रम हेच होते. अपोलो यानाच्या मार्गदर्शक संगणकाच्या पहिल्या आवृत्तीत सुमारे ४,१०० एकात्मिक परिपथ होते आणि त्यांची मूळ रचना फेअरचाइल्डची होती.

नॉइस यांना सरकारी मागणीवर अवलंबून राहणे पसंत नव्हते. १९६० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी काही परिपथांची किंमत एका डॉलरच्या खाली आणली. तेच काम करणारे सुटे भाग विकत घेण्यासाठी ग्राहकाला याहून अधिक खर्च येई. कंपनीचा स्वतःचा उत्पादनखर्चही त्या वेळी याहून जास्त होता. मागणी वाढली की उत्पादन वाढेल, उत्पादन वाढले की सदोष चिपांचे प्रमाण घटेल आणि त्यामुळे खर्च किमतीच्या खाली येईल, असा त्यांचा हिशोब होता. तो खरा ठरला. त्यानंतर किंमत आधी उतरवणे आणि खर्च मागाहून उतरवणे ही या उद्योगाची रीतच बनली.

फेअरचाइल्डच्या संशोधन विभागाचे प्रमुख गॉर्डन मूर यांनी एप्रिल १९६५ मध्ये एका लेखात असे निरीक्षण मांडले, की सर्वांत कमी खर्चात एका चिपवर बसवता येणाऱ्या घटकांची संख्या दरवर्षी सुमारे दुप्पट होत आहे. १९७५ मध्ये त्यांनी हा कालावधी दोन वर्षांचा केला. मूरचा नियम म्हणून प्रसिद्ध असलेले हे निरीक्षण निसर्गनियम नसून खर्च व उत्पादन यांच्या अनुभवावर आधारलेले भाकीत होते.

इंटेल

फेअरचाइल्डचा नफा मूळ कंपनीच्या इतर उद्योगांकडे वळवला जात असे. त्यामुळे अनेक कुशल सहकारी कंपनी सोडून गेले. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचे पद रिकामे झाले, तेव्हा संचालक मंडळाने नॉइस यांना डावलले. जुलै १९६८ मध्ये नॉइस व मूर यांनी बाहेर पडून इंटेलची स्थापना केली. आर्थर रॉक यांनी त्यासाठी २५ लाख डॉलरचे भांडवल उभारले. ज्या कॉलेजातून नॉइस एकदा निलंबित झाले होते, त्या ग्रिनेल कॉलेजनेही यात भाग घेतला. तोपर्यंत नॉइस कॉलेजचे विश्वस्त झाले होते. कॉलेजच्या निधीतून १ लाख आणि दोन विश्वस्तांकडून प्रत्येकी १ लाख असे एकूण ३ लाख डॉलर इंटेलमध्ये गुंतवण्यात आले. या गुंतवणुकीतून कॉलेजला पुढे मोठा लाभ झाला.

इंटेलमध्ये नॉइस अध्यक्ष होते. मूर यांनी तंत्रज्ञानाची, तर अँड्र्यू ग्रोव्ह यांनी उत्पादन व शिस्तीची बाजू सांभाळली. कंपनीचा पहिला भर स्मृती साठवणाऱ्या चिपांवर होता. १९७० मधील ११०३ ही चिप संगणकातील चुंबकीय कड्यांच्या स्मृतीची जागा घेणारी पहिली यशस्वी चिप ठरली.

१९६९ मध्ये बिझिकॉम या जपानी कंपनीने आपल्या गणकयंत्रांसाठी बारा निरनिराळ्या चिपांचा संच मागवला. इंटेलचे अभियंते टेड हॉफ यांनी त्याऐवजी चारच चिपांचा संच सुचवला. त्यातील एक चिप आज्ञावलीनुसार चालणारा सर्वसाधारण प्रोसेसर असणार होती. कंपनीचे सारे लक्ष स्मृतीवर असताना नॉइस यांनी हॉफ यांना या कामासाठी प्रोत्साहन दिले. फेदेरिको फाज्जिन, स्टॅन्ली मेझॉर आणि बिझिकॉमचे मासातोशी शिमा यांच्या सहभागाने ४००४ हा मायक्रोप्रोसेसर तयार झाला. बिझिकॉमला ६०,००० डॉलर परत करून इंटेलने गणकयंत्रांखेरीज इतर उपयोगांसाठी तो विकण्याचा हक्क मिळवला आणि नोव्हेंबर १९७१ मध्ये तो बाजारात आणला. त्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते.

नॉइस यांनी इंटेलमध्ये बडेजाव टाळला. अधिकाऱ्यांसाठी राखीव वाहनतळ नव्हते, कामाच्या जागा मोकळ्या होत्या आणि कर्मचाऱ्यांना कंपनीचे समभाग मिळत. पुढे सिलिकॉन व्हॅलीतील अनेक कंपन्यांनी ही पद्धत उचलली. दुसऱ्या बाजूने कामगार संघटनांना त्यांचा ठाम विरोध होता. कटू निर्णय घेणे त्यांना जड जाई. १९७४ च्या मंदीत इंटेलला मोठी कर्मचारी कपात करावी लागली. तिचा त्यांच्या मनावर परिणाम झाला. १९७५ मध्ये त्यांनी अध्यक्षपद मूर यांच्याकडे सोपवले. १९७९ पर्यंत ते संचालक मंडळाचे प्रमुख होते.

सेमाटेक

१९७७ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन अर्धसंवाहक उद्योगसंघाच्या संस्थापकांमध्ये नॉइस होते. १९८० च्या दशकात जपानी कंपन्यांनी स्मृतीचिपांच्या बाजारात आघाडी घेतली. १९८५ मध्ये इंटेललाही आपल्या मूळ व्यवसायातून, म्हणजे डायनॅमिक स्मृतीचिपांच्या उत्पादनातून, बाहेर पडावे लागले. उत्पादनतंत्र सुधारण्यासाठी १४ अमेरिकन कंपन्या आणि संघराज्य सरकार यांनी मिळून सेमाटेक ही संस्था स्थापन केली. तिला सरकारकडून दरवर्षी सुमारे १० कोटी डॉलर मिळत. १९८८ मध्ये नॉइस तिचे पहिले मुख्य कार्यकारी अधिकारी झाले आणि टेक्सासमधील ऑस्टिन येथे राहण्यास गेले. एकेकाळी सरकारी पैशापासून दूर राहू पाहणाऱ्या नॉइस यांनी हे पद स्वीकारले, कारण चिप बनवणाऱ्या यंत्रांचा खर्च आता एकेकट्या कंपनीला पेलवेनासा होत होता.

प्रगतीच्या मर्यादांविषयीचा विचार

सप्टेंबर १९७७ मध्ये सायंटिफिक अमेरिकन या मासिकाने सूक्ष्म-इलेक्ट्रॉनिकीवर विशेषांक काढला. त्यातील प्रास्ताविक लेख नॉइस यांचा होता. उद्योगाचा एकूण उत्पादन-अनुभव दुप्पट झाला की खर्च सुमारे २८ टक्क्यांनी घटतो, असे त्यांनी त्यात दाखवले. ट्रान्झिस्टर भौतिकशास्त्राच्या अंतिम मर्यादेपासून अजून दूर आहेत आणि लहान होण्याच्या प्रक्रियेला भौतिक नियमांपेक्षा आर्थिक नियमच आधी अडवण्याची शक्यता आहे, असे त्यांचे मत होते.

नॉइस यांच्या हयातीत ही वाढ अखंड चालू होती. त्यांच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी, १९८९ मध्ये, इंटेलने बाजारात आणलेल्या ४८६ या प्रोसेसरमध्ये सुमारे १२ लाख ट्रान्झिस्टर होते. मर्यादा ठळकपणे दिसू लागल्या त्या नंतर. त्या पुढीलप्रमाणे सांगता येतात.

उष्णता : आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड व त्यांचे सहकारी यांनी १९७४ मध्ये दाखवले होते, की ट्रान्झिस्टर लहान करताना त्याच प्रमाणात विद्युतदाब कमी केला, तर दर चौरस मिलिमीटरमागे निर्माण होणारी उष्णता वाढत नाही. यामुळेच प्रोसेसर एकाच वेळी अधिक दाट आणि अधिक वेगवान होऊ शकले. परंतु विद्युतदाब सुमारे एक व्होल्टजवळ आल्यावर तो आणखी उतरवणे कठीण झाले, कारण मग ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यातून प्रवाह झिरपू लागतो. २००४ मध्ये इंटेलने पेंटियम ४ चा नियोजित वारसदार रद्द केला आणि एका चिपवर अनेक गाभे बसवण्याचा मार्ग धरला. त्या सुमारास प्रोसेसरच्या क्लॉकचा वेग ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचला होता; पुढील २० वर्षांत तो दुप्पटही झाला नाही. अनेक गाभ्यांचा लाभ फक्त विभागून करता येणाऱ्या कामांनाच मिळतो.

अणूचा आकार : सिलिकॉनच्या स्फटिकात अणूंची रचना सुमारे ०.५४ नॅनोमीटर अंतरावर पुन्हा पुन्हा येते. ज्या ऑक्साइडच्या थरावर नॉइस व हर्नी यांचे काम उभे होते, तोच पदार्थ पुढे ट्रान्झिस्टरच्या नियंत्रक भागातही रोधक म्हणून वापरला जाऊ लागला. २००० च्या दशकात तेथे त्याची जाडी सुमारे १.२ नॅनोमीटर, म्हणजे जेमतेम काही अणूंएवढी उरली. इलेक्ट्रॉन त्यातून आरपार जाऊ लागल्याने २००७ मध्ये इंटेलने तेथे हाफ्नियमयुक्त पदार्थ वापरला.

तारा : नॉइस यांनी छापलेल्या तारांमुळे जोडणीचा प्रश्न सुटला होता. परंतु तार जितकी बारीक, तितका तिचा रोध अधिक. ट्रान्झिस्टर लहान केल्यावर वेगवान होतो, तार मात्र मंदावते. १९९७ मध्ये आयबीएमने ॲल्युमिनियमऐवजी तांब्याच्या तारा वापरण्याचे तंत्र जाहीर केले. तरीही अडचण पूर्णपणे टळली नाही. शिवाय ३ गिगाहर्ट्झ वेगाच्या एका स्पंदात प्रकाशसुद्धा फक्त १० सेंटिमीटर जातो. तारेतील संकेत त्याहून कमी.

खर्च : अत्याधुनिक चिपा छापण्यासाठी १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश वापरतात. त्याच्या एका यंत्राची किंमत १० कोटी डॉलरहून अधिक असते, तर संपूर्ण कारखान्याला १,००० कोटी डॉलरहून अधिक खर्च येतो. १९६० च्या दशकात या उद्योगात अनेक छोट्या कंपन्या उतरू शकत होत्या. आता सर्वांत सूक्ष्म चिपा बनवण्याच्या स्पर्धेत तैवानची टीएसएमसी, दक्षिण कोरियाची सॅमसंग आणि अमेरिकेची इंटेल एवढ्याच कंपन्या प्रामुख्याने उरल्या आहेत. या बाबतीत नॉइस यांचे १९७७ चे अनुमान बरेचसे खरे ठरले. मात्र उष्णतेची अडचण ही भौतिकशास्त्राचीच होती आणि वेगाची वाढ तिनेच रोखली.

यामुळे अलीकडे एका मोठ्या चिपऐवजी लहान चिपा बनवून त्या एकाच आवरणात परस्परांना जोडण्याची पद्धत वाढली आहे. ही शक्यता मूर यांनी १९६५ च्या लेखातच नमूद केली होती. सारे काही एकाच तुकड्यावर आणण्याच्या नॉइस यांच्या मार्गावर सहा दशके चालल्यानंतर तुकड्यांच्या जोडणीचा प्रश्न पुन्हा महत्त्वाचा झाला आहे.

वैयक्तिक जीवन

नॉइस यांचा पहिला विवाह १९५३ मध्ये एलिझाबेथ बॉटम्ली यांच्याशी झाला. त्यांना चार अपत्ये झाली. १९७४ मध्ये घटस्फोट झाल्यानंतर त्यांनी इंटेलच्या कर्मचारी विभागाच्या प्रमुख ॲन बॉवर्स यांच्याशी विवाह केला. पोहणे, विमान चालवणे आणि समूहगायन यांची त्यांना आवड होती. तरुण उद्योजकांना ते सढळपणे सल्ला व वेळ देत. ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह जॉब्स हे त्यांच्याकडे मार्गदर्शनासाठी येणाऱ्यांपैकी एक होते.

मृत्यू

३ जून, १९९० रोजी ऑस्टिन येथे हृदयविकाराच्या झटक्याने नॉइस यांचे निधन झाले. त्या वेळी ते ६२ वर्षांचे होते आणि सेमाटेकचे काम पाहत होते.

सन्मान

– स्टुअर्ट बॅलंटाइन पदक, १९६६ (किल्बी यांच्यासह)
– आयईईई सन्मान पदक, १९७८
– फॅरडे पदक, १९७९
– अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक, १९७९
– राष्ट्रीय संशोधक सन्मानदालनात समावेश, १९८३
– अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक, १९८७
– चार्ल्स स्टार्क ड्रेपर पारितोषिक, १९८९ (किल्बी यांच्यासह)

वारसा

२००० मध्ये एकात्मिक परिपथाच्या शोधातील कार्यासाठी किल्बी यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे पारितोषिक मरणोत्तर दिले जात नसल्याने नॉइस यांचा त्यासाठी विचार होऊ शकला नाही. किल्बी यांनी आपल्या नोबेल व्याख्यानात नॉइस यांच्या कार्याचा आवर्जून उल्लेख केला.

सांता क्लारा येथील इंटेलच्या मुख्यालयाच्या इमारतीला नॉइस यांचे नाव देण्यात आले आहे. आयईईई ही अभियंत्यांची संस्था २००० पासून सूक्ष्म-इलेक्ट्रॉनिकीतील कार्यासाठी त्यांच्या नावाने पदक देते. त्यांच्या कुटुंबीयांनी स्थापन केलेल्या नॉइस प्रतिष्ठानने अमेरिकेतील शाळांमधील गणित व विज्ञान शिक्षणाला साहाय्य केले. चिपनिर्मितीची साधने, पदार्थ आणि मोजमापे त्यानंतर पूर्णपणे बदलली असली, तरी पृष्ठभागावर रोधक थर देऊन त्यावर धातूच्या तारा छापण्याचे नॉइस यांचे मूळ तत्त्व आजच्या प्रोसेसरमध्येही वापरले जाते.